मालकी आणि मशागत

एखादी वस्तू आपली केव्हा होते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पैसे मोजले, पावती मिळाली, कागदावर नाव चढले की ती आपली झाली, असे कायदा म्हणतो. आणि व्यवहारापुरते तेवढे पुरते. परंतु शेतकरी जमिनीविषयी बोलताना दोन निराळे शब्द वापरतो. जमीन कोणाच्या मालकीची, हा एक प्रश्न. तिची मशागत कोण करतो, हा दुसरा. १९४८चा मुंबई कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी या दोन प्रश्नांची सांगड घातली आणि ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व मान्य केले. हेच तत्त्व यंत्राला लावता येईल का, याचा मी गेली काही वर्षे विचार करीत आहे.

त्याला निमित्त आहे परळच्या आमच्या चाळीच्या आवारात उभी असलेली एक जीप. ती साठीच्या दशकातली, उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी. थोरल्या काकांनी ती सरकारी लिलावात घेतली आणि त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. ती चालू राहावी यासाठी लागणारे बहुतेक काम मी स्वतः करतो. प्लग साफ करणे, पॉइंटची फट वीस थाऊवर आणणे, कार्बोरेटर उघडून जेट फुंकणे, पाट्यांच्या कमानींना ग्रीस देणे, ही कामे वरकड दिसतात; पण त्यांत रविवार कसा संपतो ते कळत नाही. चाळीतली माणसे विचारतात, ‘भाऊ, हे सगळं कशासाठी?’ प्रश्न कुत्सित नसतो. म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे.

जीप ही आपल्या प्रदेशाला परकी वस्तू नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपले आणि चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस तिची जुळणी येथे, आमच्या परळपासून फार दूर नसलेल्या माझगावात सुरू झाली. ज्या कंपनीने ती केली तिचे नाव १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहंमद’ असे होते. फाळणीनंतर गुलाम मोहंमद पाकिस्तानात गेले, पुढे त्या देशाचे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. उंच बॉनेटची जीप अमेरिकेत १९६८ साली बंद पडली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतरही बरीच वर्षे चालला. खेड्यात ‘जीप आली’ म्हणजे सरकार आले, असा अर्थ होता. मामलेदार, हिवतापाचे डॉक्टर, निवडणुकीचे उमेदवार, १९७२च्या दुष्काळातले अधिकारी या सर्वांना तिने पाठीवर वाहिले.

आता मुख्य मुद्दा. माझ्या जीपचे रेडिएटर, चारही ब्रेक ड्रम, वायरिंग आणि तळाचा पत्रा मूळचे नाहीत. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढू लागल्यापासून जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलावा लागला. मग ही जीप ‘तीच’ आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? ग्रीकांनी थीसियसच्या जहाजाविषयी हाच प्रश्न विचारला होता: कुजलेली फळी काढून नवी घालत गेले, तर जहाज तेच राहते का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली. काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे जहाज बांधले, तर खरे कोणते? हॉब्जला ही कल्पना वाटली असेल; चोरबाजारात तो रोजचा व्यवहार आहे. मी टाकलेला भाग तेथून कोणाच्या तरी जीपमध्ये गेला असेल, आणि कोणाचा तरी माझ्या जीपमध्ये आला आहे.

याहून जवळचे उत्तर ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, रथात बसून आला. भिक्षू नागसेनाने त्याला विचारले, धुरा म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला, आणि अखेरीस त्याला मान्य करावे लागले की या सर्वांच्या आश्रयाने ‘रथ’ हे एक नाव चालते, एवढेच. नागसेनाला त्यावरून आत्मा नाही हे सांगायचे होते. मला त्याच दृष्टांतातून एक लहानशी गोष्ट दिसते. नाव चालते, ते आपोआप चालत नाही. कोणीतरी धुरा तपासतो, आसाला वंगण देतो, म्हणून ते चालते. वस्तूचे सातत्य तिच्या लोखंडात नसेल, तर ते तिची काळजी घेणाऱ्यांच्या परंपरेत शोधले पाहिजे.

ही परंपरा आपल्या समाजात कोणाच्या वाट्याला आली, हे विसरून चालणार नाही. सुतार, लोहार ही बलुतेदार माणसे; त्यांच्या हातांवर गाव उभे होते आणि गावाच्या मानपानात त्यांना शेवटची जागा होती. खंडेनवमीला आपण हत्यारे पूजतो; ती चालवणाऱ्या हातांना मात्र पंक्तीत घेत नव्हतो. हात काळे न करता पोट भरता येणे हीच प्रतिष्ठेची खूण मानणाऱ्या मध्यमवर्गात मी वाढलो. जीपखाली पाठीवर पडून काम केले म्हणजे तो अन्याय फिटतो, असे मी मुळीच म्हणत नाही. रविवारचे काळे हात आणि पोटासाठी रोज होणारे काळे हात यांत फार मोठे अंतर आहे. परंतु ज्या कामाला आपण हलके म्हणत आलो त्यात किती बुद्धी लागते, हे ते केल्यावाचून कळत नाही.

मला हे काम ज्यांनी शिकवले त्यांना आम्ही आबा म्हणतो. ते लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली, आणि त्यांतल्या असंख्यांसारखे आबाही परत आत गेले नाहीत. त्यांच्या हातांत पन्नास पन्नास वर्षांचे साचे चालू ठेवण्याची विद्या होती. ती विद्या घेऊन त्यांनी पुढे एका इमारतीत रात्रपाळीची राखण केली. गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते सर्वांना दिसते. त्या विद्येचे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

स्वतः दुरुस्ती करणे म्हणजे मिस्त्रीच्या पोटावर पाय देणे, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण अनुभव असा की जो स्वतः उघडून पाहतो तो लेथवाल्याकडे जातो, रेडिएटरला डाग देणाऱ्याकडे जातो, नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगसाठी चार दुकाने हिंडतो. तो कारागिराला टाळीत नाही. त्याच्याशी बोलण्यापुरती भाषा त्याला येऊ लागते.

आणि ‘स्वतः’ या शब्दाला मर्यादाही आहे. ती ब्रेकच्या कामात कळते. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची तर एकाने पेडल दाबून धरावे लागते आणि दुसऱ्याने चाकाशी निपल सैल करावे लागते. एकट्याने ते नीट होत नाही. आबांचा त्याहून कडक नियम आहे: ज्याने काम केले त्याने ते तपासायचे नाही. ते म्हणतात, ‘साचा बिघडला तर कापड वाया जातं, बाबा. ब्रेक गेला तर माणूस जातो, आणि तो गाडीतलाच असेल असं नाही.’ या वाक्यात मला सगळे नीतिशास्त्र दिसते. दुरुस्ती करणाऱ्याचे कर्तव्य वस्तूपाशी संपत नाही आणि मालकापाशीही संपत नाही. भारतमातेच्या नाक्यावर रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी मुलाशी त्याचा करार असतो. त्या मुलाने त्यावर सही केलेली नसते, म्हणूनच तो अधिक बंधनकारक आहे.

त्याच मुलाच्या फुप्फुसांचाही विचार करावा लागतो. जुने इंजिन नव्यापेक्षा अधिक धूर सोडते. सरकारने २०२१ साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणले, आणि २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही उघडले. एक हात मोडा म्हणतो, दुसरा जोडा म्हणतो. आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मला असे वाटते की दुरुस्तीचा हक्क हा धूर सोडण्याचा हक्क नव्हे. जीप धुराच्या तपासणीत उतरली नाही, तर तिने उभे राहावे. ती रोजच्या वापरासाठी नाहीच. महिन्यातून दोनदा, रस्ता रिकामा असताना, यंत्र आखडू नये एवढ्यापुरती ती बाहेर पडते.

आता चाळीचा पुनर्विकास ठरला आहे. नव्या इमारतीत गाड्या यंत्राने एकावर एक रचल्या जातील. तेथे जीपखाली झोपून पाना फिरवायला जागा असणार नाही. माझ्या मुलाचे म्हणणे, ती विकावी किंवा रंगवून एखाद्या हॉटेलच्या दारात शोभेला द्यावी. तो वारस आहे आणि त्याच्या म्हणण्यात व्यवहार आहे. पण गेली तीन वर्षे आबांच्या हाताखाली माझी पुतणी काम करते आहे. फिलर गेज कोणते घालायचे हे तिला विचारावे लागत नाही, आणि ब्रेक झाल्यावर ती माझे कामसुद्धा पुन्हा तपासते. तिच्या सासरी, साताऱ्याकडे, अंगण आहे.

कूळकायदा यंत्राला लागू नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही जीपचे कागद मी पुतणीच्या नावावर करणार आहे. मुलाला ते अन्यायाचे वाटते, आणि त्याचे ते वाटणे मी खोडून काढू शकत नाही. रक्ताच्या हक्कालाही काही अर्थ असतो. परंतु वस्तू आणि विद्या या दोन्ही एकाच हाती सोपवण्याची संधी माणसाला क्वचित मिळते. लालबाग-परळमध्ये ती एकदा आली होती. तेव्हा जमिनीची वाटणी झाली आणि विद्या रस्त्यावर राहिली. निदान एका आवारात, एका जीपपुरते, तसे होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.