तकदीर कोणाची, कसूर कोणाची?

एखाद्या घरी कर्करोगाने माणूस गेला की आपण सांत्वनाला जातो आणि तेथे एकच वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारले जाते: अल्लाहची मर्जी. हे वाक्य खोटे नाही. ज्या घरातून नुकताच जनाजा उठला आहे, तेथे दुसरे काही बोलणे क्रूरपणाचेच ठरेल. परंतु वाचकहो, हेच वाक्य एका माणसाऐवजी एका संपूर्ण वंशाविषयी आपण तितक्याच सहजपणे उच्चारू शकतो काय?

उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा किंचित कमीच प्रमाणात होतो. असे असूनही त्या रोगाने मरण्याचे त्यांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी अधिक आहे. रोग कमी आणि मृत्यू अधिक, हे कोडे प्रथमदर्शनी शरीररचनेचे वाटते. वंशच निराळा, रक्तच निराळे, तेथे कोणी काय करावे? असे म्हटले की प्रश्न मिटतो आणि कोणाकडेच जाब मागावा लागत नाही.

पण आकडे थोडे मागे जाऊन पाहावेत. 1980 साली शिकागो शहरात दोन्ही वर्णांच्या स्त्रियांचा या रोगाने होणारा मृत्युदर जवळजवळ सारखाच होता. 2003 साली कृष्णवर्णीय स्त्रियांचा दर 68 टक्क्यांनी अधिक झाला होता. तेवीस वर्षांत कोणाचे रक्त बदलत नाही. मग बदलले काय? त्या काळात स्तनाची क्ष-किरण तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, सर्वत्र रूढ झाली आणि टॅमॉक्सिफेनसारखी औषधे आली. गौरवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर उतरू लागला. कृष्णवर्णीयांचा होता तेथेच राहिला. जोवर दोघींपाशीही इलाज नव्हता, तोवर दोघी सारख्याच मरत होत्या. इलाज आला आणि दरी पडली. या विषयात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

येथे प्रामाणिकपणे एक आक्षेप नोंदवला पाहिजे. स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे की त्यावर संप्रेरकांशी निगडित औषधे चालत नाहीत, आणि तो प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये सुमारे दुप्पट आढळतो. तेव्हा दरीचा काही भाग रोगाच्या स्वभावातून आलेला आहे, हे मान्य करावे लागते. परंतु ज्या प्रकारावर औषध उत्तम चालते, त्या प्रकारातही कृष्णवर्णीय स्त्रियाच अधिक मरतात. तेथे औषधाला दोष देता येत नाही. तपासणी उशिरा होणे, तपासणीनंतर उपचार सुरू होण्यास विलंब लागणे, विमा नसणे, जवळचे रुग्णालय सामान्य दर्जाचे असणे, रोजंदारी बुडेल म्हणून पुढची तारीख चुकवणे, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींची ती बेरीज आहे.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाने तर कृष्णवर्णीय अमेरिकन पुरुष गौरवर्णीयांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात. मात्र माजी सैनिकांसाठी चालवल्या जाणाऱ्या सरकारी रुग्णालयांत, जेथे दोघांनाही एकाच दारातून आत घेतले जाते, रोगनिदानानंतरच्या मृत्यूतील ही तफावत जवळपास दिसेनाशी होते.

डेलावेअर हे अमेरिकेतील एक लहानसे राज्य. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील वर्णभेद मिटवायचा, असे त्या राज्याने ठरवले. विमा नसलेल्यांची तपासणी फुकट केली. रोग निघालाच तर दोन वर्षांपर्यंतच्या उपचारांचा खर्च राज्याने उचलला. शिवाय रुग्णालयांत अशा परिचारिका नेमल्या की, ज्यांचे काम माणसाला हाताला धरून तपासणीपर्यंत नेणे हेच होते. तारीख मिळवून देणे, भीती घालवणे, आला नाही तर पुन्हा बोलावणे. कृष्णवर्णीयांमधील तपासणीचे प्रमाण 48 टक्क्यांवरून 74 टक्क्यांवर गेले. 2009 पर्यंत दोन्ही वर्णांतील रोगाचे प्रमाण सारखे झाले आणि मृत्यूतील दरी जवळजवळ बुजली. ज्याला आपण त्या लोकांची तकदीर समजलो असतो, ती आठ-नऊ वर्षांच्या नेटक्या कारभाराने बदलली!

मग तकदीर नाहीच काय? आहे. ह. उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढे प्लेगची साथ पसरल्याची बातमी आली. त्यांनी मसलत केली आणि परत फिरण्याचे ठरवले. तेव्हा ह. अबू उबैदा (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय? ह. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. उंट घेऊन उतरलेल्या माणसासमोर दरीचा एक काठ हिरवा आणि दुसरा ओसाड असेल, तर तो कोठेही चारो, अल्लाहच्या तकदीरीनेच चारतो. आता विचार करावा: त्या माणसाला हिरव्या काठाकडे जाऊच दिले नाही, मध्ये कुंपण घातले, तर ते कुंपणही तकदीरीच्याच खाती मांडायचे काय? कुंपण घालणाऱ्याचा हिशेब निराळा आहे आणि तो द्यावाच लागणार आहे.

वर्णाचे हे दुखणे अमेरिकेचे म्हणून आपण सुटत नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 पासून चालू आहे आणि तेथील नोंदींचा धर्मवार अभ्यासही झालेला आहे. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक, मुस्लिम स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हिंदू स्त्रियांच्या तुलनेने कमी, असे त्यातून दिसून आले. पुरुषांची सुंता हे या दुसऱ्या गोष्टीचे एक कारण मानले जाते. आपल्याकडे काही जण हे मोठ्या अभिमानाने सांगतात. सांगोत, पण तो दिलासा त्या एका रोगापुरता आहे. स्तनाच्या कर्करोगाची गोष्ट निराळी. भारतात या रोगाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रोग पुष्कळ पसरल्यावरच डॉक्टरांकडे पोहोचतात. येथे कुंपण कोणाचे असते? कधी दूरच्या रुग्णालयाचे, कधी पैशाचे. आणि कधी आपण ज्याला हया म्हणतो, त्याचे. हया ईमानाचा भाग आहे, हे खरेच. पण आजार लपवणे म्हणजे हया, हे आपल्याला कोणी शिकवले?

आमची खाला चिपळूणकडच्या एका गावात राहत असे. स्तनातील गाठ तिने सात महिने कोणालाही सांगितली नाही. आधी रमजान होता, मग पुतणीचे लग्न, मग पाऊस. सुनेला कळले तेव्हा रोग काखेच्या पलीकडे गेला होता. ती गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी घर बायकांनी भरले होते. त्यांतील एकीने सुनेला स्वयंपाकघरात नेले आणि हलक्या आवाजात विचारले, "गाठ दुखत होती का गं?"

"नाही. सुरुवातीला मुळीच नाही दुखली, म्हणूनच तर त्या बोलल्या नाहीत."

ती बाई काही क्षण तशीच उभी राहिली, ओढणी छातीशी घट्ट धरून. बाहेरच्या खोलीत आम्ही सगळ्या अल्लाहची मर्जी, अल्लाहची मर्जी म्हणत होतो.