शरीर काही थांबत नाही

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी चालू होती. पुतण्याची पोर नववीत होती तेव्हा. खांद्याला हळद-तूप लावता लावता म्हणाली, "आबा, मी पोरगी नाहीये. मला ऑपरेशन करायचंय." म्हणाली लिहू की म्हणाला, इथूनच माझी अडचण.

पुतण्याच्या कानावर घातलं तर तो म्हणे, "काका, दहावी झाली का लग्न लावून टाकतो. येईल ठिकाणावर."

आम्ही शेतकरी माणसं. गोऱ्हा कामाचा व्हावा म्हणून त्याला खच्ची करतो, विचारतो कुठं? पण ते मुकं जनावर. हे लेकरू तर तोंडानं सांगतंय.

बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे आठवले. भरती झाले ते ललिता म्हणून. २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली ती नाकारली गेली, हायकोर्टापर्यंत जावं लागलं. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पुढं लग्न केलं, २०२४ मध्ये बाप झाले. पण त्यांचं वय तेव्हा तिशीच्या घरातलं, नोकरी हातात. इथं पंधरावं लागलेलं.

जळगावचे डॉक्टर म्हणाले, अठराच्या आत सुरी लावायची नाही, आधी मनाच्या डॉक्टरला दाखवा. मला पटलं. इंग्लंडातसुद्धा वयात येणं थांबवणारी औषधं २०२४ पासून पोरांना सरसकट द्यायची बंद केली, पुरावा कच्चा म्हणून. पण शरीर काही थांबत नाही. महिन्याचे चार दिवस ते लेकरू शाळा बुडवून कोठीघरात बसतं, भाकरी खात नाही. थांबा म्हणणं मला सोपं, भोगतंय कोण?

मग वाटलं, सगळंच काही डॉक्टरच्या हातात नाही. आपल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटलांचा ग्रामपंचायतीचा अर्ज महिलांच्या जागेवर बाद केला होता. औरंगाबाद खंडपीठानं तो धरायला लावला आणि २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. माणूस स्वतःला काय म्हणतो ते धरायला ऑपरेशन लागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच सांगून ठेवलंय. केस कापायला तर न्हावी पुरतो.

पुतण्याकडून तीन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही असं कबूल करून घेतलं. अठरानंतर काय, ते मलाही ठाऊक नाही. यंदा पोळ्याला तोरणाखालून बैल न्यायचे होते. आमच्यात कासरा पोरंच धरतात. मी ढवळ्याचा कासरा त्याच्या हातात दिला. पुतण्या शेंब्यांना गोंडे बांधत होता, त्यानं मान वर केली नाही.