पदकाची पाठ

दागिन्याची जी बाजू कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं, तिजविषयीं कारागिराचें कांहीं कर्तव्य असतें काय? हा प्रश्न आम्हांस प्रथम भेटला तो ग्रंथांत नव्हे, तर कलाशाळेंत शिकत असतां चांदीचें पदक घडवितांना.

आराखडा आमचाच होता : मध्यें कळी, भोंवतीं पांच पाकळ्या, वर सांखळी ओंवण्यास कडी. टांकणखार लावून, फुंकणीच्या ज्योतींत डाख देऊन आम्हीं एकेक पाकळी बसविली. शेवटीं कडी जोडली. पण तिच्या सांध्यांत डाख पुरता उतरला नाहीं, हें आम्हांस स्पष्ट दिसलें. चांदींत उष्णता एका जागीं थांबत नाहीं. पुन्हां तापवावें, तर पाकळ्या सरकण्याचें भय. आम्हीं तो सांधा कानशीनें घासून उजळला. प्रदर्शनांत पदकाची वाहवा झाली, आणि पुढें तें आम्हीं धाकट्या बहिणीस तिच्या लग्नांत दिलें.

यांत आम्ही खोटें काय बोललों? चांदी हजारांत ९२५ भाग होती. उरलें तें तांबें, कडकपणापुरतें. आपल्याकडे २०२१ पासून अनेक जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेचा छाप सक्तीचा झाला, तें योग्यच झालें. परंतु छाप धातूची ग्वाही देतो. सांध्याची ग्वाही घडविणाराखेरीज कोण देणार? एकुलत्या एका साक्षीदारानें गप्प बसणें, ही खोटी साक्षच होय.

याचा अर्थ प्रत्येक पाठ चकचकीत असावी, असा नव्हे. खडबडीत पाठ आपला खडबडीतपणा लपवीत नाहीं. उजळलेला कच्चा सांधा लपवितो. जयपूरच्या कुंदनकामांत पुढें रत्नें आणि मागें मीनाकाम असतें. तें केवळ हौसेचें नव्हे; मऊ सोन्याची झीज त्यानें वांचते. दागिन्याचें तोंड पाहणारांसाठीं. पाठ मात्र लेणारीच्या अंगास लागते. पाठीची हयगय ही तिचीच हयगय.

दिवाळीस बहीण माहेरीं आली, तेव्हां आम्हीं तिला सारें सांगितलें आणि पदक मागून घेऊन सांधा पुन्हां तापविला. कडी पक्की बसली. एक पाकळी मात्र सरकली, ती सरकलीच. बहिणीनें पदक उलटून न पाहतां गळ्यांत घातलें. आतां लोकांस ती वांकडी पाकळी दिसते, आणि घडविणाराच्या हाताविषयीं ते काय समजायचें तें समजतात. समजोत बापडे.