पडद्यावरचे दुःख आणि विसर्जन

मालिकेच्या एखाद्या भागात आवडते पात्र मरते आणि घराघरांत पदर डोळ्यांना लागतो. हे अश्रू कोणासाठी असतात, हा धर्म आणि तत्त्वज्ञान या दोहोंपुढचा जुना प्रश्न आहे. रडणाऱ्याला तीन गोष्टी एकाच वेळी मान्य असतात. ते पात्र अस्तित्वात नाही. जे अस्तित्वात नाही त्याला दुःख होत नाही. आणि तरी त्याच्या दुःखाने आपला जीव कळवळतो आहे. तर्काच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. माणसाच्या मनात मात्र त्या रोज संध्याकाळी एकत्र बसतात.

ब्रिटनमध्ये अशा प्रतिक्रियेला मोठा इतिहास आहे. २२ सप्टेंबर १९५५ रोजी बीबीसीच्या ‘द आर्चर्स’ या नभोनाट्यमालिकेत ग्रेस आर्चर ही तरुणी आगीत सापडून मरण पावली, तेव्हा श्रोत्यांच्या दूरध्वनींचा आणि पत्रांचा बीबीसीवर पाऊस पडला. ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू झालेली ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ सहा दशके उलटूनही चालू राहिली. १९९८ मध्ये तिच्यातील डियर्ड्री या बाईला न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जावे लागले, तर तिच्या सुटकेसाठी वर्तमानपत्रांनी मोहीम उघडली आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही तिची बाजू घेतली. जानेवारी २०१४ मध्ये याच मालिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या हेली क्रॉपरने स्वतःच्या हाताने औषध घेऊन जीवन संपवले. नवरा रॉय शेजारी बसून होता. असाध्य रोग्याला स्वतःचे मरण निवडण्याचा अधिकार आहे का, यावर त्यानंतर देशभर वाद झाला. हेली कधी जन्मलीच नव्हती, हे वाद घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी या कोड्याची दोन ठळक उत्तरे दिली. कॉलिन रॅडफर्ड यांनी १९७५ मध्ये कादंबरीतल्या अ‍ॅना कॅरेनिनाचे उदाहरण घेऊन सांगितले की ही भावना खरी असते, पण ती विसंगत असते. केंडल वॉल्टन यांनी १९७८ मध्ये तिला खेळाच्या सदरात टाकले. वॉल्टन यांचे म्हणणे मराठी माणसाला भातुकलीवरून लगेच उमगते. खड्यांचा भात कोणी खात नाही, पण तो वाढताना मुलीच्या चेहऱ्यावर पाहुणचाराची खरी लगबग असते. दोन्ही उत्तरे बुद्धीला पटतात. मात्र पात्राच्या मरणानंतर रात्रभर झोप न लागलेल्या बाईला ती अपुरी वाटतील, आणि तिचे चुकत नाही.

भारतीय विचार या कोड्याकडे रंगभूमीच्या अंगाने गेला. भरताच्या नाट्यशास्त्रातील रससूत्रावर भाष्य करताना श्रीशंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. भिंतीवरचा घोडा पाहणारा त्याला खरा घोडा समजत नाही, खोटाही समजत नाही. त्याला संशय पडलेला नसतो आणि ‘हे घोड्यासारखे काहीतरी आहे’ असेही तो म्हणत नाही. तो सरळ घोडा पाहतो. नटात राम पाहणे हे याच जातीचे ज्ञान, असे शंकुकाचे मत होते. भट्टनायकाने पुढची पायरी घातली: रंगमंचावरचे दुःख अमक्या माणसाचे, अमक्या गावचे राहत नाही, ते साधारण होते, म्हणून ते सर्वांना चाखता येते. दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी या आस्वादाला जवळजवळ ब्रह्मानंदाच्या शेजारी बसवले. करुण रस सुखाचाच असतो हे मात्र सर्वांना मान्य नव्हते. रामचंद्र आणि गुणचंद्र या जैन आचार्यांनी बाराव्या शतकात ‘नाट्यदर्पण’ लिहून काही रस दुःखरूपच असतात असे बजावले. मराठीत न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या जीवनाशी तादात्म्य पावतो आणि त्याच वेळी आपले स्वत्वही जपतो, म्हणून परक्या दुःखातही त्याला आनंद मिळतो, असा तिचा आशय.

या शास्त्रचर्चेतले प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात दगडावर आणि भिंतीवर उतरलेले दिसतात. शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतले. त्यात मान कललेली, डोळे अर्धे मिटलेली एक स्त्री आहे; मागून एक दासी तिला सावरते आहे, दुसरी वारा घालते आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पाहुण्यांनी तिला ‘मरणासन्न राजकन्या’ असे नाव दिले, आणि तिच्या मरणाने हळहळलेल्या प्रेक्षकांच्या पिढ्या येऊन गेल्या. कथा लागली तेव्हा कळले की ती मरत नाही. ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी. नवरा भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट परत आला, तो पाहून तिला मूर्च्छा आली आहे. कथा ठाऊक नसतानाही पाहणाऱ्यांची करुणा नेमकी तिच्याच पायाशी पोचली होती. भट्टनायकाने सांगितलेल्या साधारणीकरणाचे याहून चांगले उदाहरण ग्रंथांत सापडणे कठीण.

पण ज्या धर्माने हे चित्र काढवले त्यानेच नाट्याविषयी कठोर शंका घेतली होती. संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची गोष्ट येते. लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, हे खरे का, असे तो बुद्धाला विचारतो. बुद्ध दोनदा प्रश्न टाळतो. तिसऱ्यांदा सांगतो की प्रेक्षक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात, नट ती बंधने आणखी आवळतो, म्हणून त्याची गती वाईट होते. तालपुट रडू लागतो, आणि पुढे भिक्षू होतो. मग लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या डोळ्यांपुढे मूर्च्छित स्त्री, राजवाडे, प्रेमी युगुले का रंगवली गेली?

याचे उत्तर सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकाच्या आधाराने देता येते. दानशूर राजपुत्र विश्वंतर राज्यातून हद्दपार होतो आणि वनात असताना जूजक नावाच्या म्हाताऱ्या ब्राह्मणाला आपली दोन्ही मुले देऊन टाकतो. आजच्या प्रेक्षकाला हा प्रसंग असह्य होतो, तसाच तो प्राचीन श्रोत्यालाही झाला होता. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद नागसेन भिक्षूला याच दानाबद्दल धारेवर धरतो: मुलांना रडवून केलेले दान हे कसले दान? धर्मपरंपरेने प्रेक्षकाचा हा आक्षेप आपल्याच ग्रंथात जपून ठेवला, याचे मोल मोठे आहे. त्याहून महत्त्वाचा आहे जातकाचा शेवट. प्रत्येक जातकाच्या अखेरीस ‘समोधान’ येते, म्हणजे त्या जन्मीचे कोण या जन्मी कोण हे बुद्ध उलगडून सांगतो. जूजक म्हणजे देवदत्त, मुलगा जाली म्हणजे राहुल, आणि विश्वंतर म्हणजे मी स्वतः. श्रोत्याच्या मनात भरलेली पात्रे येथे हलकेच रिकामी केली जातात आणि त्याची करुणा कथेतून काढून धर्माकडे वळवली जाते.

कथेला असा निरोप देण्याची सोय महाराष्ट्राच्या घरांत दरवर्षी दिसते. भाद्रपदात आणलेला गणपती मातीचा आहे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. प्राणप्रतिष्ठेनंतर तो देव असतो. उत्तरपूजेनंतर तो पुन्हा माती होतो. दरम्यानच्या दिवसांत त्याला नैवेद्य दाखवणारा माणूस भ्रमात नसतो, ढोंगही करत नसतो. विसर्जनाच्या वेळी डोळ्यांत येणारे पाणी खरे असते आणि ते कोणाला विसंगत वाटत नाही. रॅडफर्ड यांच्या कोड्याला मराठी संसाराने तर्काने नव्हे, विधीने उत्तर दिले आहे: खरेपणा काही काळापुरता बोलावता येतो, पण बोलावणाऱ्याने त्याला पोचवूनही आले पाहिजे.

पैठणच्या एकनाथांची भारुडे हेच करतात. विंचू चावल्याने तळमळणारा माणूस बघून हसू येते. मग तो विंचू काम-क्रोधाचा असल्याचे उघड होते आणि सोंग तेथे उतरते. कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान कितीही रडवून गेले तरी शेवट आरतीने होतो. संस्कृत नाटक भरतवाक्याने संपते.

‘रामायण’ मालिकेच्या वेळी ही घडी वेगळ्या तऱ्हेने बसली. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी लोक अंघोळ करून दूरदर्शन संचापुढे बसत, संचाला हार घालत, उदबत्ती लावत. रामाची भूमिका करणारे अरुण गोविल दिसले की त्यांच्या पाया पडत. कोड्यातला पहिला मुद्दाच, पात्र अस्तित्वात नसल्याचा, भक्ताला येथे मान्य नव्हता. त्याच्या दृष्टीने खोटा होता तो फक्त मुकुट. याच्या उलट टोकाला निळू फुले होते. राष्ट्र सेवा दलात घडलेल्या या सज्जन माणसाच्या पडद्यावरच्या खलपुरुषांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या मनात खरी धास्ती आणि खरा संताप पेरला. नमस्कार आणि शिव्याशाप, दोन्ही एकाच मुळातून आलेले आहेत: आवाहन झाले, पण नटाला त्यातून मोकळे करणारा विधी झाला नाही.

वेरूळच्या लेण्यांना राजाश्रय देणाऱ्या राष्ट्रकूटांच्याच काळात, नवव्या शतकात, आचार्य जिनसेनांनी ‘आदिपुराण’ रचले. त्यात ऋषभदेवांच्या सभेत नाचणारी अप्सरा नीलांजना नाचता नाचता आयुष्य संपून नाहीशी होते. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र तत्क्षणी तशीच दुसरी नर्तकी उभी करतो. सभेला काही कळत नाही. एकट्या ऋषभदेवांना कळते, आणि ते राज्य सोडून निघतात. मालिकेत एका नटाच्या जागी दुसरा येतो आणि आठवड्याभरात प्रेक्षक रुळतो, तेव्हा ही जुनी कथा आठवावी अशी आहे.

रोजच्या कौटुंबिक मालिकेने मोडले आहे ते नेमके विसर्जन. ईटीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली. भाग तीन हजारांवर गेले. सुरुवातीला पहिलीत असलेली मुलगी शेवटी बारावीला पोचली. एवढ्या काळात पात्र शेजारीण होऊन जाते. अभिनवगुप्तांनी रसाची जी विघ्ने सांगितली त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखात बुडून असणे हे एक आहे, आणि त्यावर संगीत, सजवलेला नाट्यमंडप असे उपायही सुचवले आहेत. दिवाणखान्यात कुकरची शिट्टी होत असते, ज्या सासूशी सकाळी खटका उडाला तीच शेजारच्या खुर्चीत बसलेली असते. तेथे स्वतःचे दुःख बाजूला ठेवणे शक्यच नाही. शास्त्राच्या मोजमापाने या प्रेक्षक स्त्रीला रस लाभत नाही. पण ते मोजमाप, शेवट असलेल्या नाटकासाठी बेतलेले होते. तिची कळकळ शेजारधर्माची आहे, आणि शेजारधर्माला कमी प्रतीची भावना मानण्याचे कारण नाही. तिची अडचण वेगळी आहे: प्रत्येक भाग ऐन संकटात थांबतो, उद्याच्या भागाची झलक दिसते, आणि तिने मनात बोलावलेले दुःख रात्रभर घरातच मुक्काम करते.

विसर्जनाविना आवाहनाची परिसीमा प्रशांत दळवी यांच्या ‘ध्यानीमनी’ या नाटकात आहे. दळवी आणि त्याचे दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हे दोघेही छत्रपती संभाजीनगरातल्या ‘जिगीषा’च्या नाट्यचळवळीतून पुढे आलेले. मूल नसलेली एक आई आपल्याला मुलगा आहे असे मानून त्याचे सगळे करते. त्याचा अभ्यास, त्याचे जेवण, त्याची वाट पाहणे. नसलेल्या मुलासाठी झुरणाऱ्या, नसलेल्या आईसाठी प्रेक्षक रडतो, आणि पडदा पडल्यावर घरी जातो. तिला ती सोय नाही.

मालिकांनाही अशी सोय करता आली आहे. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’च्या प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार स्वतः येऊन घडलेल्या प्रसंगावर दोन शब्द बोलत, प्रेक्षकाला कथेतून हाताला धरून बाहेर आणण्याचे ते काम होते. लोकांनी लाखोंनी पत्रे पाठवली, त्यांत पात्रांच्या काळजीबरोबर स्वतःच्या घरातल्या अडचणीही होत्या. ब्रिटनमध्ये आजार, अत्याचार किंवा आत्महत्या दाखवणाऱ्या भागानंतर निवेदक सांगतो की या विषयाची झळ ज्यांना लागली असेल त्यांच्यासाठी मदतीचा अमुक दूरध्वनी क्रमांक आहे. कल्पित माणसासाठी दाटून आलेल्या करुणेला तेथे खऱ्या माणसाकडे जाणारी वाट मिळते. मराठी मालिकांत असे निवेदन क्वचितच असते. ते काम प्रेक्षक आपापसांत करतात: दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरातल्या औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत मेथीची जुडी निवडताना एकजण कालच्या भागाचा विषय काढते, दुसरी त्या सुनेची बाजू घेते, आणि थोड्या वेळाने तिसरी आपल्या लेकीच्या सासरचे सांगू लागते.