तारण म्हणजे जीवन

(लूक १९:१–१०)



जक्कयाच्या घरीं प्रभु उतरला, आणि त्या दिवशीं त्या घराला तारण प्राप्त झालें असें त्यानें सांगितलें. हें आपण पुष्कळदां वाचतों. परंतु तारण म्हणजे काय, असें मंडळींतील एखाद्या आजीबाईनें विचारिलें, तर आपण काय उत्तर देऊं? मेल्यावर नरक चुकतो, एवढेंच सांगून थांबूं काय?

येथें एक प्राचीन भाषांतर आपणांस साहाय्य करितें. आज तुर्कस्थानांत असलेलें उर्फा शहर पूर्वीं एदेसा ह्या नांवानें प्रसिद्ध होतें. तेथील ख्रिस्ती लोकांची भाषा सुरयानी. त्या भाषेंतील शास्त्राच्या भाषांतरास पेशित्ता, म्हणजे साधें, असें नांव आहे. केरळांतील जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनाहि शेंकडों वर्षें ह्याच भाषेंत चाले. जक्कयाच्या घरीं जें तारण आलें, त्यास पेशित्तांत 'हय्ये' असा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ 'जीवन'. योहान ४:४२ येथें शोमरोनी लोक प्रभूला जगाचा तारणारा म्हणतात. तेथें 'महयाना', म्हणजे जीवन देणारा, असा शब्द आहे.

हें आपणांस कळतें तें कोशकारांच्या श्रमांमुळें. दहाव्या शतकांत बगदाद येथें हसन बर बहलूल ह्या विद्वानानें सुरयानी शब्दांचे अर्थ एकत्र केले. पुढें इंग्लंदांत रॉबर्ट पेन स्मिथ ह्यांनीं थोर कोश रचावयास घेतला. त्याचा पहिला भाग १८६८ सालीं ऑक्सफर्ड येथें निघाला. एका धातूपासून झालेले शब्द त्यांत एका ठिकाणीं दिले आहेत. म्हणून जगणें, जीवन व तारणारा हे शब्द जवळजवळ सांपडतात. १८९५ सालीं पेन स्मिथ वारले, तेव्हां काम अपुरें होतें. तें १९०१ सालीं पुरें झालें. त्यांची कन्या जेसीबाई ह्यांनीं त्या कोशाच्या आधारें १९०३ सालीं इंग्रजी अर्थांचा संक्षिप्त कोश सिद्ध केला, आणि १९२७ सालीं मोठ्या कोशाची पुरवणी काढिली. बापानें पेरिलें, लेकीनें कापणी केली.

तथापि एक सावधगिरी ठेवावी. प्रभु सुरयानी बोलला, म्हणून पेशित्ता हाच मूळ ग्रंथ, असें कोणी सांगतात. तें खरें नव्हे. प्रभूची भाषा गालीलांतील अरामी. सुरयानी ही तिची बहीण. नवा करार मूळ ग्रीक भाषेंत लिहिला गेला, आणि पेशित्ता हें त्याचें भाषांतर आहे. कोश नवें शुभवर्तमान देत नाहीं; आपल्या हातीं असलेल्या शब्दाचें दार तो उघडितो.

आतां जक्कयाकडे पाहा. त्यानें अर्धें द्रव्य गरिबांस देऊं केलें, आणि ज्याचें अन्यायानें घेतलें होतें त्याला चौपट परत देण्याचें कबूल केलें. मेलेलें घर जिवंत झालें, तें असें. आपल्या घरांतील माप खरें आहे काय? बुडविलेलें देणें फेडिलें काय? जेथें जीवन आलें, तेथें त्याची हालचाल दिसलीच पाहिजे.

उपदेशक बंधूंनो, कठीण शब्द आला तर तो गिळून पुढें जाऊं नका. थांबा, विचारा, शोधा. एका शब्दामागें कोणाचें सारें आयुष्य वेंचलें आहे. आणि त्या आजीबाईला सांगा कीं, तारण म्हणजे आजपासून प्रभूबरोबर जगणें.

जीवन देणारा प्रभु आपल्या प्रत्येकाच्या घरीं उतरो. आमेन.