एसटीचं भाडं

कबड्डीचं मैदान सगळ्यांना सारखंच. पोरगं सांगलीतलं असो नाहीतर आमच्यासारखं जत तालुक्याच्या पूर्व टोकाचं, फक्की एकाच मापानं मारतात. पण मैदानापर्यंतची वाट कोण मापणार?

दहावीत असताना आम्ही तालुक्यात पहिले आलो. पुढचे सामने सांगलीला. नियमानं संघात 12 जण. 7 आत, 5 राखीव. शाळेकडं पैसे नव्हते, तेव्हा ज्याचं भाडं त्यानंच द्यायचं ठरलं. आमचा सगळ्यात चांगला चढाईचा गडी त्यामुळं गावातच राहिला. त्याच्या बापानं मला विचारलं, "जिंकलं तर भाडं माघारी मिळतंय का रं?" मी खाली बघितलं.

आम्ही आठच गेलो. जत, कवठे महांकाळ, मिरज करत पोचलो तोवर अंग आंबून गेलं होतं. समोरचा संघ घरनं जेवून सायकलीवर आलेला. हरलो. पंचांनी काही वावगं केलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. नियम पाळूनसुद्धा अन्याय होतो, हे तिथं पहिल्यांदा कळलं.

पण त्या आठांतला राखीव मी होतो. आईनं दोन कोंबड्या विकून मला पैसे दिले होते. ते त्याला दिले असते तर तो गेला असता. सांगली बघायची हौस होती मला. आता दूरच्या पोरांवर अन्याय होतो म्हणून बोलायला उभा राहिलो, की आधी तो खिसा आठवतो.

तो गडी अजून बांधावर भेटतो. तंबाखू मागतो. त्या सामन्याचं कधी काढत नाही.