मॅगझिनमधला ठोकळा

संग्रहासाठी बंदूक निवडणं हा विचित्र प्रकार आहे. वापरायची बंदूक घेताना प्रश्न सरळ असतात : नेम कसा लागतो, खांद्याला धक्का किती बसतो, किंमत परवडते का. संग्रहासाठी घेताना हे सगळे प्रश्न गळून पडतात, कारण ती उडवायचीच नसते. मग निवडायची कशावरून? गेले काही महिने मी या प्रश्नात अडकलो आहे, आणि आता तो फक्त बंदुकीपुरता राहिलेला नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि चार वर्षांपासून अमेरिकेत, पेनसिल्वेनियात राहतो. माझ्याकडे एका कपाटात काही जुनी यंत्रं आहेत : फेसिटचं हाताने फिरवायचं हिशेबयंत्र, एक शिलाई मशीन, तीन-चार कुलपं. दिवसभर मी ज्या गोष्टी बनवतो त्यांच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. या यंत्रांत सगळं दिसतं, म्हणून ती मला आवडतात. बोल्ट ॲक्शन हे त्याच जातीचं यंत्र आहे. दाराच्या कडीसारखी एक दांडी. वर उचलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत जातं, खाली दाबली की कडी बंद. मी राहतो त्या भागात असली जुनी बंदूक घरोघरी माळ्यावर पडलेली असते आणि एखाद्या साध्या फोनपेक्षा स्वस्तात मिळते. कपाटात अशी एक असावी, असं माझ्या मनात आलं.

मला हवी होती छऱ्याची, लहान बोअरची. आपल्याकडे ‘बारा बोअर’ हा शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो. त्यातला बारा हा आकडा नळीची रुंदी सांगत नाही. नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोळी केली तर एका पौंडात अशा बारा गोळ्या होतात, असा त्याचा अर्थ. म्हणजे आकडा वाढेल तशी नळी बारीक. .४१० मात्र या हिशेबात बसत नाही. तो थेट इंचातला व्यास आहे, साधारण साडेदहा मिलिमीटर. जुन्या पद्धतीने मोजलं तर तो सदुसष्ट-अडुसष्ट बोअर होईल. छऱ्याच्या नेहमीच्या बंदुकांत सगळ्यांत बारीक नळी हीच.

अमेरिकेत .४१० बोल्ट ॲक्शन ही गरिबाची आणि पोरासोरांची बंदूक. विंचेस्टर कंपनीने १९२० ते १९३४ या काळात ‘मॉडेल ४१’ बनवलं : एका वेळी एकच काडतूस, बाकी काही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉसबर्गची १८३ मालिका आली. तिच्या काही प्रकारांत नळीच्या तोंडाशी एक कडं असतं, ते हाताने फिरवून छरे किती पसरावेत ते ठरवता येतं. शेतकऱ्याच्या कोठारात उंदीर, खारी, ससे यांच्यासाठी ती टांगलेली असे. १९६८च्या कायद्यापर्यंत प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक असलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती, त्यामुळे अशा कित्येक स्वस्त बंदुकांवर नंबरच नाही. एखाद्या विळ्यावर किंवा पावशीवर कुठे नंबर असतो?

यांपैकी एक घ्यायची, असं जवळजवळ ठरलं होतं. मग कायदा वाचला. मी इथे कामाच्या व्हिसावर आहे आणि अशा माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला माझ्यासारख्याला लागू होण्याजोगा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा शिकारीचा चालू परवाना. तो संपला की बंदूक जवळ ठेवण्याचा हक्कही संपला. म्हणजे मी शिकार करणार असेन तर हरकत नाही, नुसती पाहायला ठेवणार असेन तर मात्र नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. नंतर वाटलं, कायद्याचं फारसं चुकत नाहीये. शिकाऱ्याला बंदूक कशाला हवी ते त्याला ठाऊक असतं. ‘मला ती नुसती हवी आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाकडे कायद्याने थोडं संशयाने पाहिलं तर त्यात गैर काय? संग्राहकाने निदान स्वतःला तरी उत्तर दिलं पाहिजे.

उत्तर शोधताना तिसरी बंदूक समोर आली, आणि ती आपल्या देशातून आलेली होती.

इथल्या जुन्या बंदुकांच्या बाजारात ती ‘इशापूर .४१०’ म्हणून ओळखली जाते. कोलकात्याच्या उत्तरेला इशापूरला सरकारी रायफल कारखाना आहे. तिथे ब्रिटिशांच्या काळात लष्करी ली-एनफिल्ड रायफली पोलिस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी बदलल्या जात. नळी आट्यांची न ठेवता गुळगुळीत केली जाई, म्हणजे गोळीला फिरकी मिळत नाही आणि ती लांबवर नेमकी जात नाही. काडतूस .३०३च्याच पुंगळीचं, पण तोंडाशी निमुळतं न केलेलं, त्यामुळे लष्कराच्या गोळ्या चोरून तिच्यात नीट वापरता येत नसत. आणि दहा काडतुसांच्या मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा बसवलेला. दहाची एक. बाहेरून पाहिलं तर तीच रुबाबदार रायफल, आतून छऱ्याची एकबारी.

हे शहाणपण १८५७नंतरचं. काडतुसांवरून भडका उडाल्यावर कंपनीच्या जागी राणीचं सरकार आलं. त्याने तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती ठेवला, देशी पलटणींना आटे नसलेल्या एनफिल्ड दिल्या, आणि पुढेही बराच काळ गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनं हत्यार देशी शिपायाला देण्याचा रिवाज पाळला. १८७८चा शस्त्रांचा कायदा याच धाग्यातला. त्यातून युरोपियनांना सूट होती. गांधीजींसारख्या अहिंसावाद्यानेही इंग्रजांच्या काळ्या कृत्यांमध्ये या कायद्याची गणना केली होती. मस्केटमधला ठोकळा म्हणजे तोच कायदा, फक्त कागदाऐवजी लाकडात केलेला. लॅंग्डन विनर यांनी १९८०मध्ये एका गाजलेल्या निबंधात विचारलं होतं की वस्तूंना राजकारण असतं का. या बंदुकीपुरतं उत्तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडून दाखवता येतं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. मॉडेल ४१ निष्पाप, मस्केट पापी. पण ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने गोष्ट अवघड केली. ते बदकांची शिकार करतात. मी ठोकळ्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “माझ्या बंदुकीतही आहे की.” खरंच होता. त्यांच्या पंप बंदुकीच्या मॅगझिनमध्ये पेन्सिलीहून जाड अशी एक लाकडी काठी बसवलेली. स्थलांतरित पक्ष्यांची शिकार करताना नळी आणि मॅगझिन मिळून तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, असा अमेरिकेत १९३०च्या दशकापासून नियम आहे. पक्षी झपाट्याने कमी होत होते, म्हणून माणसाचा हात बांधला.

दोन बंदुका, दोन्हींत लाकूड, आणि दोन्हींचं काम एकच : हात आखडवणं. तरी एक मला लाजिरवाणं वाटलं आणि दुसरं शहाणपणाचं. का? लाकूड सारखंच, परिणामही सारख्याच जातीचा. फरक असेल तर तो लाकडाच्या बाहेर आहे. बदकांचा नियम श्रीमंताला आणि गरिबाला, गोऱ्याला आणि काळ्याला एकच आहे, आणि तो करणाऱ्यांना निवडणुकीत पाडता येतं. मस्केटचा ठोकळा ज्यांनी बसवला त्यांच्या स्वतःच्या रायफलीत तो नव्हता. स्वतःवरही घातलेलं बंधन आणि फक्त दुसऱ्यावर घातलेलं बंधन, यांतला हा फरक आहे. मला हे उत्तर पटलं होतं. एखाद्या प्रमेयासारखं नीट जुळलं होतं.

मग आबांशी बोललो. आबा म्हणजे माझे आजोबा. सातारा जिल्ह्यात पोलिसात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. स्वातंत्र्यानंतरही पोलिसांकडे या मस्केट कितीतरी वर्षं होत्या. आबा १९६० साली भरती झाले, तेव्हा त्यांच्या हातीही तीच दिली गेली.

फोनवर विचारलं, “आबा, तुमच्या मस्केटमध्ये काडतुसं किती बसायची?”

“एकच.”

“एकच का?”

“एकच बसायचं म्हणून. आन् पुंगळी परत जमा करायची. हरवली तर नोकरीवर यायचं.”

“आत लाकडाचा ठोकळा होता का?”

“असंल. आम्ही कुठं उघडून बघितली?”

मी त्यांना सगळं सांगितलं. ती मुळात दहा गोळ्यांची होती, साहेबाचा आपल्यावर भरवसा नव्हता, म्हणून तिला लुळी केली, आणि साहेब गेल्यावरही आपल्या सरकारने ती तशीच तुमच्या हातात दिली. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बरं झालं की मग. दहा असत्या, तर दहा उडवायला लावल्या असत्या.”

माझं प्रमेय तिथेच अडलं. आबांनी उभ्या आयुष्यात माणसावर एकदाही बंदूक उडवली नाही. पण दुष्काळात, मोर्चांत, यात्रेच्या गर्दीत ते ती घेऊन उभे राहिले आहेत, आणि समोरच्या गर्दीत कधी कधी त्यांच्याच गावचे लोक होते. त्या ठोकळ्याने त्यांचा अपमान केला हे खरं. त्याच ठोकळ्याने त्यांना एका गोष्टीपासून वाचवलं, हेही खरं. बसवणाऱ्याच्या मनात त्यांना वाचवायचं मुळीच नव्हतं. हेतू वाईट, म्हणून परिणामही वाईटच असं म्हणता येत नाही. पण परिणाम बरा झाला म्हणून हेतूला माफी देता येते, असंही नाही. आमच्या धंद्यात एखादी मर्यादा का घातली हे कोडच्या शेजारी लिहून ठेवायची पद्धत आहे, कारण नंतरच्या माणसाला नुसती मर्यादा दिसते, कारण दिसत नाही. या बंदुकीशेजारी दोन कारणं लिहावी लागतील : साहेबाचं आणि आबांचं. आणि त्यांतलं एकही खोडता येणार नाही.

मॉडेल ४१च्या निष्पापपणाकडेही मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. तिने मारलेल्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही, म्हणून ती निष्पाप वाटते. ससे आणि खारी अर्ज करत नाहीत. आणि ती मला घ्यावीशी वाटली याचं एक कारण हेही होतं की तिच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. दुसऱ्याच्या अंगणातली, दुसऱ्याच्या लहानपणीची वस्तू. तिच्यावर मला प्रेम करता आलं असतं, पण तिने मला काहीही विचारलं नसतं.

आता बाजारातली निवड. इशापूर मस्केट दोन अवस्थांत मिळते. पुष्कळशा आयात झाल्यावर दुरुस्त केल्या गेल्या आहेत : दुकानात मिळणारं .४१०चं काडतूस मूळ नळीत बसत नाही, म्हणून काडतुसाची जागा कोरून मोठी केलेली, ठोकळा काढून टाकलेला. विकणारा कौतुकाने सांगतो, “आता ही वापरता येते.” दुसरी अवस्था म्हणजे जशीच्या तशी : मूळ जागा, आत ठोकळा, आणि जिला घालायला बाजारात काडतूस नाही अशी. संग्राहक दुसरीला जास्त पैसे देतात. एरवी मी हा हौशी लोकांचा शुद्धतेचा सोस म्हटला असता. इथे मला तो बरोबर वाटतो, फक्त कारण वेगळं आहे. दुरुस्त केलेली बंदूक चांगली चालते आणि खोटं बोलते. ती जणू म्हणते की आपण पहिल्यापासून शिकारीचीच साधी बंदूक होतो. ठोकळा काढणाऱ्याने साहेबाचा संशय पुसला, आणि त्याबरोबर आबांचं ‘बरं झालं’ही पुसलं.

म्हणून निवडायची ती न चालणारी. वापरासाठी घेतलेल्या वस्तूकडून आपण उपयोगाची अपेक्षा करतो. संग्रहातल्या वस्तूकडून खरेपणाची करायला हवी, आणि तो खरेपणा आपल्याला गैरसोयीचा असेल तर जास्तच.

त्यासाठी आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करायचा, परीक्षा द्यायची, परवाना काढायचा. यात खोटं काही नाही. परवाना शिकार करू देतो, करायला लावत नाही. मात्र तो दरवर्षी नवा करावा लागेल, म्हणजे ही वस्तू मला कशाला हवी आहे हा प्रश्नही दरवर्षी नव्याने समोर येईल. बंदूक आली की पहिल्यांदा ती उघडून ठोकळ्याचा फोटो काढायचा आणि सातारला पाठवायचा आहे. साठ वर्षांपूर्वी हातात होती तिच्या आत काय होतं, ते आबांनी अजून पाहिलेलं नाही.